आमचा बर्फ मार्चात पडतो

देवणीत बर्फ बघायचा तर दोनच ठिकाणं. एक, जत्रेतल्या गोळेवाल्याची गाडी. दुसरं, लग्नाच्या मांडवामागची जागा. तिथं लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली लादी वऱ्हाडाच्या आधी येऊन पडते आणि मुहूर्त टळेपर्यंत निम्मी होते. नाही म्हणायला 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाडाभर गारपीट झाली, तेव्हा रानं पांढरी पडली होती. हाताशी आलेली ज्वारी झोपली, हरभरा गेला. तशातही काही जणांनी त्या पांढऱ्या रानात उभं राहून काश्मीरला गेल्यासारखे फोटो काढले. पुढे पंचनाम्याला तेच जोडले, म्हणून कुणी फार बोललं नाही.

अशा गावात बसून रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीवर लिहायला घेतलं, तर घरातले कपाळाला हात लावून ताप बघतात. पण आमच्याकडे या विषयाचा जाणकार आहे. तो वर्षातून एकदा रजेवर येतो आणि आल्या दिवशी संध्याकाळी आईच्या हातचं जेवायच्या आधी गॅरेजवर जाऊन बसतो.

हे गॅरेज उदगीर रस्त्याला आहे. पाटी नाही. पाटीच्या जागी एका भंगारात निघालेल्या ट्रकचा मागचा पत्रा टांगलाय आणि त्यावर ‘बुरी नजर वाले’ एवढंच उरलंय. पुढचं गंजानं खाल्लं, त्यामुळे नजर लावणाऱ्यांचं नेमकं काय व्हायचं ते अधांतरीच आहे. मालकांना सगळा तालुका चाचा म्हणतो. माझी स्कूटर तिथं मुक्कामाला असते. तिची विचारपूस करायला जाता जाता मला तिथल्या बाकड्याची सवय लागली.

चाचांच्या हाताखाली पाने पुसत वाढलेला एक पोरगा ग्रेफमध्ये लागला. सीमा सडक संघटना 7 मे 1960 ला उभी राहिली. तिच्यात हातानं काम करणारं जे दल आहे ते ग्रेफ. काम लडाखात, सिक्कीमात, अरुणाचलात. पण या दलाचं केंद्र आपल्या पुण्याला, दिघीत. त्यामुळे हिमालय चढायचा तर आधी पुण्याची गाडी पकडावी लागते. पोरगा ‘व्हेइकल मेकॅनिक’ म्हणून लागला, तेव्हा चाचांनी पेढे वाटले आणि त्याच दिवशी दहा-बाराचा पाना कुठं ठेवलास म्हणून त्याला झापलंही. तो पाना अजून सापडलेला नाही. तो झोजिलाला गेला असावा असा चाचांचा संशय आहे.

झोजिला म्हणजे सोनमर्ग आणि द्रासच्या मधली साडेअकरा हजार फुटांवरची खिंड. हिवाळ्यात ती बर्फानं भरते आणि मग दोन्ही बाजूंनी दोन तुकड्या बर्फ कापत निघतात; सोनमर्गकडून ‘बीकन’ प्रकल्पाची, द्रासकडून ‘विजयक’ची. मध्ये कुठं तरी त्यांची गाठ पडते, हात मिळवले जातात, चहा होतो, रस्ता सुरू झाल्याचं जाहीर होतं. पोरगा हे सांगताना गॅरेज गप्प होतं. सोयरिकीसाठी दोन्हीकडून निघालेल्या बैठका रस्त्यातच भेटल्याच्या गोष्टी आमच्याकडे आहेत, पण त्यात बर्फ नसतो.

मात्र चाचांना खिंडीचं काही नव्हतं. ते अडले पोरानं सहज टाकलेल्या एका वाक्यापाशी. तो म्हणाला, “चाचा, आमच्याकडं उन्हाळ्यातच सगळ्या मशिनी खोलतेत. पातं काढायचं, झिजलेली पट्टी बदलायची, हायड्रॉलिकचे पाइप बघायचे, बॅटऱ्या बघायच्या. बर्फ पडायच्या आत समदं तयार.”

“बिगडली म्हणून खोलतेत?”

“नाई. चालू अस्तेत.”

चाचांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “चालू गाडी खोलायची?” त्यांनी बाकड्यावरच्या आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, कुणी तरी हसेल आणि ही थट्टा निघेल या आशेनं. कुणी हसलं नाही. चाचांच्या शास्त्रात चालू गाडीला पाना लावणं हे पाप आहे. गाडी बंद पडते, मालक तिला ढकलत किंवा ट्रॅक्टरला बांधून आणतो, आणताना शिव्या देतो, पोचल्यावर “चाचा, तेवढं आजच करा” म्हणतो, आणि मग दुरुस्ती सुरू होते. यातली एकही पायरी गाळली तर त्या कामाला दुरुस्ती म्हणता येत नाही.

आता देवणीच्या रस्त्यावर बर्फ पडत नसला, तरी दर वर्षी ठरल्या वेळी जे आभाळातून पडायचं ते पडत नाही, आणि त्यासाठी आमच्याकडेही एक खास गाडी आहे. तिचं नाव टँकर. बर्फवाल्या गाडीसारखीच ती वर्षातले सात-आठ महिने उभी असते, उरलेले महिने रात्रंदिवस पळते, आणि तिच्यावाचून गाव अडतं. फरक तिच्या विश्रांतीच्या काळात आहे. ती गाडी म्हणे शेडमध्ये झाकून ठेवतात. आमचा टँकर जूनमध्ये मालकाच्या घरामागे बाभळीखाली लागतो आणि त्याच आठवड्यापासून त्याची वाटणी सुरू होते. बॅटरी गणपतीच्या मंडळाला जाते. पुढचं बरं टायर सोयाबीनच्या ट्रॉलीला जातं. जॅक शेजाऱ्याकडे, आरसा सलूनवाल्याकडे. केबिनमध्ये कोंबडी अंड्यावर बसते आणि मालकीणबाई तिला उठवू देत नाहीत. पोरं वरच्या झाकणातून टाकीत उतरून आपापली नावं ओरडतात, कारण आत आवाज घुमतो. एका पोराचा गळा तिथंच तयार झाला आणि तो आता भजनी मंडळात पहिला असतो.

मग पावसाळ्यातच टँकर दुरुस्त का करून घेत नाहीत? हा प्रश्न मी एकदा बाकड्यावर विचारला. एका टँकरमालकाची आई सोबत आली होती, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून परत निघालेली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी श्राद्धाच्या दिवशी वाढदिवसाचा विषय काढलाय. “आषाढात टँकर उघडायचा?” ती म्हणाली. “पाऊस बगतो ना वरून. म्हणतो, यांनी तर सोय करून ठेवली. मंग मी कामून येऊ?”

या म्हातारीनं मला जे सांगितलं ते बर्फाच्या देशातल्या कुठल्या मेकॅनिकला कळणार नाही. त्यांचा बर्फ येणारच असतो. तो यावा की येऊ नये यावर कुणाचं मत कुणी विचारत नाही. डिसेंबर लागला की तो हजर. त्यामुळे ते ऑगस्टात नट-बोल्ट आवळतात, यात त्यांचा शहाणपणा थोडा आणि खात्री जास्त. आमच्याकडे दुष्काळ येईल असं कुणी म्हणायचं नसतं. मांजरा नदीसारखा शेजार असून आम्ही दर मृगाला नव्यानं विश्वास ठेवतो. टँकरला ग्रीस मारणं म्हणजे त्या विश्वासाला चारचौघांत पाठ दाखवणं. म्हणून टँकर गंजू द्यायचा. गंजलेला टँकर ही गावाची आशा असते, आणि आशा जितकी मोठी तितकी मार्चातली वेल्डिंगची पावती मोठी.

सरकार मात्र या बाबतीत निर्भीड आहे. टंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तीन टप्प्यांत असतो, म्हणजे पितरं जेवून उठतात न उठतात तोच कागदावरचे टँकर सुटायला तयार. कागदावरच्या टँकरला गंज लागत नाही.

सगळ्यात अवघड जागी असतो तो टँकरमालक. आरतीला तोही सगळ्यांबरोबर उभा राहतो, पावसासाठी हात जोडतो, पण फायनान्सचा हप्ता पाऊस बघून येत नाही. एकदा चांगला पाऊस झाला तेव्हा गावानं त्याच्यासमोरच गुलाल उधळला आणि “मालक, यंदा तुमची सुट्टी” म्हणून त्याला मिठ्या मारल्या. त्याचा चेहरा मी पाहिलाय. अमेरिकेत बर्फ हटवणाऱ्या कंत्राटदारांची हीच अडचण असते, पण त्यांनी त्यावर तोड काढली आहे. काही जण प्रत्येक वेळी पातं फिरवायचे पैसे घेतात, काही जण अख्ख्या हिवाळ्याची रक्कम आधीच ठरवून घेतात. बर्फ पडला नाही तर कंत्राटदार खूश, फार पडला तर गिऱ्हाईक खूश. आमच्या मालकाला ही दुसरी पद्धत ऐकवली, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “असं तहसीलला विचारता येईल का?” त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पावसाविषयी प्रेम पाहिलं.

मार्च लागतो. बोअरला हवा लागते. विहिरींचं अधिग्रहण सुरू होतं, आणि एका सकाळी तालुक्यातले सगळे टँकर एकदम चाचांच्या दारात उभे असतात. जे चालत आले ते रांगेत, जे ओढून आणले ते रस्त्यावर. चाचा त्या दिवशी पांढरा शर्ट घालून येतात. त्या शर्टावर संध्याकाळपर्यंत ऑइलचा एक डाग पडत नाही, कारण पहिला दिवस फक्त बघण्याचा असतो. ते टाकीवर हातोडीनं ठोकत पुढे जातात आणि नुसत्या आवाजावरून पत्रा किती उरलाय ते सांगतात. ‘ठण्ण’ म्हणजे दोन वर्षं. ‘ठप’ म्हणजे पॅच. आवाजच आला नाही तर हातोडी आत गेली असं समजायचं.

पॅचचं काम बघण्यासारखं असतं. वेल्डर झाकणातून टाकीत उतरतो, बाहेरून दुसरा पोरगा छिद्राच्या जागी खडूनं गोल करतो आणि “हितं!” म्हणून ओरडतो. आत घुमल्यामुळे वेल्डरला ते चारही बाजूंनी ऐकू येतं आणि तो चुकीच्या जागी पॅच मारतो. मग तो पॅच तसाच राहू देतात. पुढच्या वर्षी तिथंही छिद्र पडणारच आहे. बारीक गळतीला वेल्डिंगची गरज नसते. तिथं आंघोळीच्या साबणाची वडी घासतात, फारच झालं तर एम-सील. खालच्या कॉकला जुन्या ट्यूबचा वायसर कापून बसवतात. वरून रेड ऑक्साईडचा हात मारला की टँकर बाहेर.

हे ठिगळांचे लाल डाग घेऊन रांगेत उभे राहिलेले टँकर पाहूनच चाचांनी त्यांची वर्गवारी केली. देवणी हे गाव जगाला माहीत आहे ते टँकरमुळे नाही, गाई-बैलांमुळे. देवणी जातीत तीन प्रकार: अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, पोटाखाली काळे ठिपके तो बालंक्या, आणि अंगभर ठिपके असलेला शेवरा. चाचा टँकरही तसेच ओळखतात. नुसती केबिन डागलेली असेल तर वानेरा. टाकीच्या बुडाला पॅच असतील तर बालंक्या. आणि जिथं मूळचा रंग शोधावा लागतो तो शेवरा. मालकही आता “आमचा शेवरा झाला का?” असंच फोनवर विचारतात. मागे एक नवखा पशुधन अधिकारी टायरची हवा बघायला थांबला होता. ‘शेवऱ्याची टाकी फुटलीये, आज रात्री आतून टाके घालतो’ हे ऐकून तो हवा न भरताच निघून गेला.

पोरगा रजेवर असला की या सगळ्यात मध्येच त्याचं झोजिला सुरू होतं. तो म्हणतो, बाहेरच्या देशांत रस्त्यावर मीठ टाकतात म्हणजे बर्फ वितळतो, पण त्या मिठानं गाड्या खालून सडतात. म्हणून रोज परत आली की गाडी खालून धुवावीच लागते. मिठाचं चाचांना पटलं, कारण आमच्या बोअरचं पाणीही तसंच. क्षार इतके की टाकीच्या आतून पांढरा थर धरतो आणि रेडिएटरच्या नळ्या बुजतात. पण धुण्याचं पटेना.

“हितं पाण्याची गाडी धुवायला पाणी कुटून आणायचं?”

“टाकीत अस्तंय की चाचा.”

“ते गावाचं हाय.”

यावर बाकड्यावर चर्चा झाली आणि गावाच्या पाण्यानं गावाची गाडी धुणं हा गुन्हा आहे की सेवा, याचा निकाल लागला नाही. खरं तर टँकर वाटेत गळत गळत स्वतःची चाकं धूतच असतो. विहिरीपासून गावापर्यंतच्या ज्या कच्च्या रस्त्यानं तो जातो, त्याच्या एका कडेचं गवत मेमध्येही हिरवं असतं, आणि शेळ्या हाकणाऱ्या पोरांना टँकरचं वेळापत्रक तहसीलपेक्षा चांगलं पाठ असतं. टँकरला आता जीपीएस लावावं लागतं. त्यामुळे टँकर कुठं कुठं गेला ते साहेबांना बसल्या जागी दिसतं. पाणी कुठं कुठं गेलं ते शेळ्यांना माहीत.

डिझेलचा विषय निघाला तेव्हा आमची छाती जरा फुगली. लडाखात हिवाळ्यात साधं डिझेल गोठतं, त्यात मेण धरतं आणि फिल्टर बसतो. पूर्वी ड्रायव्हर सकाळी डिझेलच्या टाकीखाली स्टो पेटवून ठेवायचे. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलनं उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल तिथं आणलं. आमच्याकडे डिझेल गोठल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आमच्याकडे मेच्या दुपारी घाटातल्या चढावर, पाठीवर 10,000 लिटर पाणी घेतलेला टँकर उकळून बंद पडतो, कारण रेडिएटरमध्ये पाणी नसतं. ड्रायव्हर बॉनेट उघडून वाफ जायची वाट बघतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला हात करून विचारतो, “भाऊ, बाटलीत पाणी हाय का?” मागचा कॉक सोडता येत नाही. तो एकदा सोडला की बंद होत नाही. ट्यूबचा वायसर आहे.

गॅरेजमधल्या सगळ्यांना लडाखशी आपलं नातं जुळल्यासारखं वाटलं ते मात्र एका बोल्टामुळे. बर्फ कापणाऱ्या मशिनीला पुढे मोठं मळसूत्री पातं असतं. ते बर्फ ओढतं आणि लांब फेकतं. त्या बर्फात दडलेला दगड आला तर काय? तर त्या पात्याच्या दांड्यावर एक बोल्ट मुद्दाम कच्चा बसवलेला असतो. दगड लागला की तो तुटतो, पातं थांबतं, गिअरबॉक्स वाचतो. पाच मिनिटांत नवा बोल्ट टाकून पुढं चालू. पोरगा सांगत होता आणि चाचा हसायला लागले. त्यांना हा बोल्ट चांगला माहीत होता. आमच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टलाही तसाच असतो. कंपनी तो कच्चा देते. शेतकऱ्याचा तो दोन वेळा तुटतो, तिसऱ्या वेळी त्याला वाटतं कंपनीनं फसवलं, आणि तो उदगीरहून ट्रकच्या चाकाचा पक्का बोल्ट आणून ठोकतो. आता बोल्ट तुटत नाही. आता काळ्या रानातला दगड येतो तेव्हा बोल्ट सोडून बाकीचं सगळं तुटतं.

“तुम्ही सांगत नाही का लोकांना?” मी विचारलं.

“सांगितलं ना. मशीनमदी एक गरीब पायजे, तोडायला. कुणी ऐकत नाई.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नक्को ऐकू द्या. त्या बोल्टावर माझ्या दोन पोरींची लग्नं झाली.”

नीट तयारी करणं आम्हाला जमतच नाही असं नाही. 2016 साली लातूरचं सगळं जगानं पाहिलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मार्चमध्ये शहरात पाणी भरायच्या जागांभोवती 144 कलम लावावं लागलं, चार घागरी एकत्र आल्या तरी जमाव धरला जाईल अशी भीती. तेव्हा रेल्वेचा टँकर करायचं ठरलं. तेल वाहणाऱ्या जातीच्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात नेल्या, आतून वाफेनं धुतल्या, आणि मिरजेला आणल्या. 11 एप्रिलला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून पहिली गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला लागली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. तिचं नाव जलदूत. वाघिणींवर पोस्टरं कुणाची, यावरून भांडणं झाली ती वेगळी.

चाचा ती बातमी टीव्हीवर बघत होते. पाणी शहराला मिळत होतं, देवणीला नुसतं दर्शन. पण त्यांचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. “एक थेंब गळंना,” ते म्हणाले. “पन्नास टाक्या, आणि साबण नाई, एम-सील नाई.” त्यांच्या आवाजात कौतुक होतं की धंद्याची काळजी, हे सांगणं कठीण. त्याच साली सप्टेंबरअखेर असा पाऊस झाला की मांजरा भरून वाहिली, काठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, आणि एप्रिलमध्ये ज्याच्या वाटेकडे गाव डोळे लावून बसायचं तो टँकर ओढ्याच्या चिखलात एक्सलपर्यंत रुतला. काढायला ट्रॅक्टर लावला, तोही रुतला. शेवटी एका म्हाताऱ्यानं वानेऱ्या बैलांच्या दोन जोड्या आणल्या. बैलांनी टँकर काढला, मग ट्रॅक्टर काढला, आणि बाजूला होऊन शांतपणे रवंथ करत उभे राहिले. चाचांना तो प्रसंग फारसा आवडत नाही. बैलाला वायसर लागत नाही.

जगात या गाड्यांचे लाडही होतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं बर्फाच्या गाड्यांना नावं द्यायची लोकांमध्ये स्पर्धा लावली आणि 2021 मध्ये ‘प्लाउई मॅकप्लाउफेस’ हे नाव पहिलं आलं. स्कॉटलंडात मीठ टाकणाऱ्या एका गाडीचं नाव ‘ग्रिटनी स्पिअर्स’ आहे. पोरानं हे मोबाइलवर दाखवलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्याकडे प्रत्येक टँकरवर ‘आई-वडिलांची पुण्याई’ असतं आणि खाली बारीक अक्षरांत फायनान्स कंपनीचं नाव. तेवढं खरं लिहायची हिंमत मिनेसोटात नसावी.

गेल्या रजेत पोरानं हट्टच धरला. श्रावण होता, पाऊस बरा चालला होता. तो त्या हप्तेवाल्या मालकाला म्हणाला, “मालक, टँकर आत्ता आणा. मजुरी घेणार नाही. झोजिलासारखं करून देतो, मार्चात नुसता सेल मारायचा.” फुकट म्हटल्यावर मालकाचा आशावाद डळमळला. पण म्हातारीला कळता कामा नये आणि गावालाही. त्यामुळे टँकर रात्री साडेअकराला, दिवे न लावता, ताडपत्री पांघरून आला. गल्लीतली कुत्री भुंकली, तेवढाच बोभाटा. गॅरेजच्या मागच्या अंगाला तो उभा केला आणि पोरानं दोन दिवसांत तो असा खोलला की चाचांना तो बघवेना. हेड उतरवलं, क्लचप्लेट काढली, पाटे खाली घेतले, टाकी आतून घासायला दोन पोरं लावली. क्रँक उदगीरला लेथवर गेला. एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन पोत्यावर मांडला, त्याला चिठ्ठी लावली. चाचा लांबून म्हणायचे, “एवढं तर कंपनीनं पण खोललं नसेल.”

आणि पाऊस थांबला.

श्रावणात पावसानं आठ-पंधरा दिवस ओढ द्यावी यात नवं काही नाही. पण सोयाबीन फुलात आलेलं, माना टाकायला लागलेलं, आणि गावाला कारण पाहिजे होतं. ताडपत्रीखाली काय आहे ते कोंबडीवरून फुटलं. केबिनमधली कोंबडी जुन्या जागेवर दिवसभर ओरडत फिरत होती. तिच्यावरून मालकीणबाईंना कळलं, त्यांच्यावरून सासूला, आणि सासूवरून गावाला. संध्याकाळी दहा-बारा माणसं गॅरेजवर आली. कुणी भांडलं नाही. पुढाऱ्यानं खुर्ची घेतली, चहा झाला, आणि मग तो चाचांना अगदी आदरानं म्हणाला, “ते तेवढं जोडून टाका.”

“क्रँक उदगीरला हाय.”

“मंग वरवर जोडा. वरून बगणाऱ्याला दिसलं पायजे.”

पोरगा समजावून सांगू लागला, की ढग आणि क्लचप्लेट यांचा संबंध नाही, झोजिलाला आम्ही दर वर्षी खोलतो आणि तरी बर्फ पडतोच. “तेच तर,” म्हातारी म्हणाली. “तुमचा बर्फ रुसत नाई. आमचा पाऊस मानी हाय.” याला दिघीच्या प्रशिक्षणात उत्तर नव्हतं. ठरलं की सकाळी चाचा उदगीरला जाऊन क्रँक आणतील आणि दुपारपर्यंत निदान बॉनेट तरी बंद होईल.

त्या रात्री अडीचच्या सुमाराला पाऊस आला. सकाळपर्यंत ओढा वाहायला लागला. चाचा उदगीरला जायला निघाले तेव्हा दारात तीच दहा-बारा माणसं छत्र्या घेऊन उभी.

“कुटं निघालाव?”

“क्रँक आणायला.”

“कायला? टँकर खोललेला असताना पाऊस आला ना? आता हात लावू नका त्याला.”

तेव्हापासून टँकर तसाच आहे. हेड पोत्यात, पाटे भिंतीला, प्रत्येक नटाला चिठ्ठी. क्रँक उदगीरला. पोराची रजा संपली आणि तो झोजिलाला मशिनी तयार करायला निघून गेला. सोयाबीन चांगलं झालं, बोअरना पाणी आहे, आणि आता जो येतो तो आधी ताडपत्री उचलून टँकर अजून उघडाच आहे ना याची खात्री करून घेतो. परवा मालक आला. हप्त्याची नोटीस हातात होती.

“चाचा, मार्च लागला आन् पाणी आटलं, तर माझ्या टँकरचं कसं?”

चाचांनी वही उघडली, चष्मा लावला. “मार्चमदी लई गर्दी असते मालक. आत्ताच नंबर लावून ठेवा.”